दैवशालाबाईंचा मालकंस

दैवशालाबाईंनी जालन्याला गुरुजींकडे आठ वर्षं शिकून मालकंस बसवला. हा राग रात्र चढल्यावरच गायचा, असं गुरुजींनी बजावलं होतं. बाईंनी ते मनावर घेतलं, तिथंच चुकलं. कारण जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं त्यांच्याकडून गाऊन घेतलं ते सकाळी साडेदहाचं स्वागतगीत. पाहुणे दीडला यायचे, तोवर गीत तीनदा व्हायचं. गावाच्या मते बाई फार सुरेख गायच्या, विशेषतः थोडक्यात.

निवृत्तीनंतर वाटूरच्या एका मंडळाचे अध्यक्ष सोमेश्वरराव घरी आले. "मॅडम, यंदा रात्रीचा कार्यक्रम. नऊ ते दहा तुमचेच. दहाला माईक बंद करावा लागतो." बाईंनी महिनाभर रियाज केला.

मागच्या पडद्यावर रात्रीचं चित्र हवं म्हणून दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या देवानंदला सांगितलं. तो चार रात्री शेतात बसून आला आणि पडदाभर निळसर काळा अंधार रंगवला. तळाशी ज्वारीची जेमतेम कड, लांब एक मिणमिणता दिवा.

सोमेश्वरराव म्हणाले, "ह्यात दिसून काय राह्यलं?"

"रात्र," देवानंद म्हणाला.

"रात्र फुकट मिळती. चंद्र टाक, मोठा."

चंद्र पडला. शेजारी अध्यक्षांचा हात जोडलेला फोटोही आला, चंद्राहून जरासा मोठा.

सातचा कार्यक्रम वेळेवर साडेआठला सुरू झाला. सत्कार झाले, सत्कार करणाऱ्यांचेही सत्कार झाले. मग सोमेश्वरराव संगीतावर चाळीस मिनिटं बोलले. लोकांना गाणं ऐकायला वेळ उरला नाही, याचं त्यांना फार दुःख होतं. दहाला सात मिनिटं असताना माईक बाईंकडे आला. तंबोरा जुळेतो माईक बंद झाला. तेवढ्यात पंगत बसल्याची बातमी आली आणि मंडप रिकामा झाला.

बाई उठल्या नाहीत. इतक्या वर्षांचा राग होता, दोन्ही अर्थांनी. त्यांनी तसाच सूर लावला.

बंदोबस्ताचे हवालदार स्टेजकडे निघाले. देवानंद आडवा आला. "साहेब, थोडं चालू द्या."

"माईक चालू हाय का?"

"न्हाई."

"मंग नियम कुठं मोडून राह्यला?" हवालदार टोपी काढून पाहुण्यांच्या राखीव सोफ्यावर बसले.

देवानंदनं फोकस विझवले. चंद्र गेला, अध्यक्षही गेले. पडद्यावर नुसती रात्र उरली.

बाई साडेअकरापर्यंत गायल्या. ऐकायला तिघं होते: देवानंद, हवालदार आणि खुर्च्या आवरणारी शिवकन्या. तिनं दोनशे खुर्च्या एकीवर एक रचल्या, पण कशाचाही आवाज होऊ दिला नाही.

सकाळी बाईंचा घसा बसला होता. सोमेश्वररावांचा फोन आला. "मॅडम, तुम्ही काल गायलाच न्हाई म्हणे?"

"गायले की," बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "तुम्ही जेवून राह्यल्ते."