बर्फातली लढाई

श्रीनिवास लेल्यांचं आयुष्य बँकेत आकडे जुळवण्यात गेलं. बायको संजीवनी वारली, मुलगा रोहन सिडनीला स्थायिक झाला, आणि सिंगापुरातल्या जुरोंग ईस्टच्या फ्लॅटमध्ये बोलायला उरल्या त्या एकट्या समोरच्या चिनी टॅनबाई. दार उघडं दिसलं की संध्याकाळी त्या आत यायच्या, चहा प्यायच्या, संजीवनीची आठवण काढायच्या. लेल्यांचा दिवस त्या चहासाठीच उगवायचा.

२००५ साली निवृत्तीच्या वेळी बँकेतल्या जपानी साहेबांनी लेल्यांना एक जुनं, लाकडी ठशांनी छापलेलं चित्र भेट दिलं. बर्फ पडतोय, झेंडे फडकताहेत, विजयी जपानी शिपाई ताठ उभे. लेल्यांना बर्फ आवडला. हौसेने त्यांनी ते दारासमोरच्या भिंतीवर टांगलं. कोपऱ्यात लांब वेण्यांचे चिनी शिपाई एकमेकांवर मरून पडले होते, तिकडे या गृहस्थांनी कधी धड पाहिलंच नाही.

दुसऱ्याच दिवशी, चिनी नववर्षाला, टॅनबाई दोन संत्री घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. बेचाळीस साली जपान्यांनी त्यांच्या वडिलांना ट्रकमध्ये घालून नेलं, ते परतले नाहीत. लेल्यांना हे ठाऊक होतं. पण आकडे जुळवायची खोड जाते कुठे? घाईघाईने म्हणाले, "आंटी, नॉट युवर वॉर. मच ओल्डर. एटीन नाइन्टी-फाइव्ह."

"ओल्डर ऑल्सो वी डाय," बाई म्हणाल्या. संत्री चपलांच्या कपाटावर ठेवून निघून गेल्या.

साल बरोबर होतं. जळो ते साल.

त्याच संध्याकाळी लेल्यांनी चित्र उतरवून पलंगाखाली सारलं. समोर जाऊन एवढंच सांगायचं होतं, पण कोणत्या तोंडाने जाणार? शरमेने त्यांनी दार लावून घेतलं, ते लावलेलंच राहिलं. बाहेर बाईंच्या सपाता वाजल्या की हे आत श्वास रोखून बसायचे. दिवाळीत त्यांच्यासाठी चकल्या डब्यात भरल्या आणि एकट्यानेच संपवल्या.

पुढल्या वर्षी बाई गेल्या. तिथल्या रिवाजाप्रमाणे इमारतीखाली मोकळ्या जागेत त्यांना शवपेटीत ठेवलं होतं. लेले शेवटच्या खुर्चीवर बसले. बाईंच्या मुलीने शेंगदाण्यांची बशी पुढे केली आणि हळूच विचारलं, "अंकल, दॅट पिक्चर स्टिल देअर, इज इट? मम्मी एव्हरी डे लुक अ‍ॅट युवर डोअर."

लेल्यांना नाही म्हणायचं होतं. वर येऊन त्यांनी आपलं दार सताड उघडलं आणि रिकाम्या भिंतीखाली बसून राहिले.