दाजींचा फुटलेला चंबू

माझे दाजी प्रयोगशाळेसाठी काचेचे चंबू फुंकायचे. फुंकणीच्या टोकाला वितळलेली काच घ्यायची आणि एका दमात फुगवायची, हे त्यांचं काम. त्याच कारखान्यात मी पॅकिंगला. दिवसाला दोन पाकिटं सिगारेट ओढणाऱ्याला दम कुठून पुरणार? म्हणून ते काच जरा जास्तच तापवायचे. मऊ काच थोड्या फुंकरीतही फुगते. तरी चंबू एका बाजूला जाड यायला लागले आणि मालकांनी त्यांना कडा घासायला बसवलं. तीस वर्षं फुंकणी धरलेला माणूस असा बसलेला मला बघवायचा नाही. मालकांनी चार महिन्यांची मुदत दिली. मोठा चंबू जमला तर फुंकणी परत, नाहीतर कायमचं घासकाम.

दाजींनी त्याच दिवशी सिगारेट सोडली आणि आठवडाभर घरात सगळ्यांवर डाफरले. दहाव्या दिवशी म्हणाले, भाजी खारट झालीय. ताईने सुनावलं की इतकी वर्षं तुम्हाला चवच लागत नव्हती, म्हणून मूठभर मीठ घालत होते.

मग खोकला वाढला. ओढत होतो तेव्हाच बरा होतो, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे एक सिगारेट मागितली. माझं डोकंच फिरलं. दंडाला धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, श्वासनलिकेतले बारीक केस धुराने सुन्न झाले होते, ते आता जागे होऊन जुनी घाण बाहेर काढतायत, थोडं सोसा. दीड महिन्यात खोकला ओसरला. नंतर तर कारखान्याचा जिना दाजी न थांबता चढायचे आणि मागे मीच धापा टाकायचो.

मुदतीच्या दिवशी सगळे भट्टीपाशी जमलो. दाजींनी सवयीने काच तशीच मऊ होईपर्यंत तापवली आणि जीव ओतून फुंकली. चंबू भसकन फुगला आणि फुटला.

दाजी फुंकणी ठेवून घासायच्या टेबलाकडे निघाले. मला तर रडूच आलं.

मालकांनी एक तुकडा उचलून उजेडात धरला. कागदासारखा पातळ होता.

"अहो, इकडे या," ते म्हणाले. "काच पूर्वीइतकी तापवू नका. आता तुमच्यात दम आहे."