सांगलीहून आणलेली महागडी जोडी

"सांगलीला मासे आणायला जायचंय," असं अण्णांनी जाहीर केलं, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. मासे आणायला जाणाऱ्या माणसाने मुलीला नवं पातळ नेसायला कशाला सांगावं? पण मी बावीस वर्षांची होते, आणि पाचगणीच्या कॉन्व्हेंटमधून ताठ बसायला व वडीलधाऱ्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायला शिकून आले होते. ताठ बसणं अजून उपयोगी पडतं. दुसरी सवय त्याच प्रवासात सुटली.

१९६६चा हिवाळा. मला साताऱ्यात शाळेत नोकरी लागून जेमतेम सहा महिने झाले होते. माझे वडील, म्हणजे अण्णा, कोर्टातून निवृत्त झाले होते आणि त्यांनी बाहेरच्या खोलीत काचेची टाकी मांडली होती. तीत एंजल मासे: ताटलीसारखे चपटे, अंगावर काळे पट्टे, आणि चालीत संस्थानिकांचा रुबाब. साताऱ्याच्या थंडीत ते एकेक करून गेले. अण्णांनी टाकीवर उबेचा बल्ब बसवला; आता त्यांना जोडी हवी होती, पिल्लं देणारी.

आजकाल पुण्याहून तुम्ही मोटार काढता आणि जेवायच्या वेळेला सांगलीत असता. आम्ही सकाळच्या एस.टी.ने निघालो. तिकीट चारेक रुपये, रस्ता उंब्रज, कराड, पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा असा. कराडच्या स्टँडवर चहा घ्यावा, भजी घेऊ नयेत. हा सल्ला मी आजही देईन. अण्णांनी भजी घेतली आणि इस्लामपूरपर्यंत पाणी पीत राहिले.

इस्लामपूरला एक आजीबाई चढल्या आणि माझ्या शेजारी टेकल्या. अण्णांच्या मांडीवरची मोठी किटली त्यांनी बराच वेळ निरखली.

"आवं दादा, दूध घिऊन निगालाय व्हय?"

अण्णा म्हणाले, किटली रिकामी आहे, मासे आणायला चाललोय. आजीबाईंनी माझं पातळ पाहिलं, वेणीतला गजरा पाहिला.

"माशासाठी पोरीला नटवलीया व्हय? लय मानाचं मासं असत्याल."

अण्णा खिडकीबाहेर उसाकडे बघू लागले. मी त्यांच्याकडे बघत राहिले. आष्टा येईपर्यंत त्यांनी सगळं कबूल केलं. ज्यांच्याकडून मासे घ्यायचे ते बाबूकाका म्हणजे सांगलीतले हळदीचे अडते, मासे हा हौसेचा जोडधंदा. त्यांना अशोक नावाचा मुलगा होता. मुलगा चांगला होता, घर चांगलं होतं, नुसतं बघायला काय हरकत आहे. आणि नोकरी? ती लग्नानंतर कशाला लागते, असं काकांच्या घरचं म्हणणं होतं. अण्णांचं काय म्हणणं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

सांगलीत कृष्णेवरच्या पुलावरून शिरलं की पेठेकडून हळदीचा वास येतो. एरवी मला तो आवडला असता.

बाबूकाकांच्या माडीवर टाक्याच टाक्या होत्या. अण्णांनी लगेच दोन वेगवेगळ्या टाक्यांतले सगळ्यात मोठे, सगळ्यात चकचकीत मासे निवडले. सुटा मासा तीन रुपये. म्हणाले, हे दोन द्या, जोडी होईल.

काका हसले. "आवं, जोडी मी लावत न्हाई. नर कुठला, मादी कुठली, मला बी बघून कळत न्हाई. दोन परके एका टाकीत सोडा, सकाळला एकाचं शेपूट गायब."

मग त्यांनी भावाचं गणित सांगितलं आणि ते मला पटलं. सातआठ पिल्लं एका टाकीत वाढवायची. महिनोन्महिने खाऊ घालायचं. एक दिवस त्यातली दोन आपणहून कोपरा धरतात आणि बाकीच्यांना हाकलून लावतात. ती जोडी. पंचेचाळीस रुपये. वाट बघण्याचे पैसे, अडवून ठेवलेल्या टाकीचे पैसे. काळे एंजल त्याहून महाग, कारण त्यांची पिल्लं फार मरतात. आणि तळ्यातली चिलापी? तीही एंजलच्याच, म्हणजे सिक्लिड कुळातली, पण कुठल्याही डबक्यात, कुणाशीही संसार थाटते. म्हणून बाजारात ती कालवणाच्या भावाने मिळते.

पंचेचाळीस ऐकून अण्णांचा चेहरा उतरला. कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवालीला तीनदा परत बोलावणारा माणूस तो.

काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सोयरीक जुळली तर जोडी माझ्याकडनं भेट. घरच्या घरात कसले पैसे?"

अण्णांचे डोळे लकाकले. ते मी पाहिलं आणि ते अजून विसरलेले नाही.

खाली पोहे आले. काकूंनी मला चष्मा काढायला लावला, चालून दाखवायला सांगितलं, भाकरी पातळ होते का विचारलं. अशोकराव समोर बसून पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत होते. सारं आटोपत आलं तेव्हा मी म्हटलं, "काका, एक विचारू? माशांना जोडी जमवायला तुम्ही कित्येक महिने देता. मला एक बशी पोहे, तेही चष्मा काढून."

काकू म्हणाल्या, "पोरगी लय बोलती." बशी उचलून त्या आत गेल्या.

काका चिडतील असं मला वाटलं होतं. ते मुलाकडे वळले. "तुझं काय रं?"

अशोकरावांनी प्रथमच मान वर केली. "मला कुणी विचारलंच न्हाई," ते म्हणाले आणि पुन्हा शेंगदाण्यांकडे वळले. भला माणूस. त्याचं पुढे बरं झालं असावं, अशी माझी आशा आहे.

काकांनी घसा साफ केला आणि माझ्यादेखत अण्णांना म्हणाले, की पोरं आहेत, बोलतात. घरी नेऊन समजावा, आठवड्यानं कळवा. जोडी मात्र आजच घेऊन जा, भेट म्हणून.

सोपं होतं. नुसती मान हलवायची होती. अण्णा उठून माडीवर गेले, आम्ही मागोमाग. ती जोडी कोपऱ्यात एकमेकांभोवती फिरत होती. अण्णा बराच वेळ काचेसमोर उभे राहिले. मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं आणि पंचेचाळीस रुपये काकांच्या हातात ठेवले. घासाघीस केली नाही. मी जन्मात प्रथमच त्यांना असं करताना पाहिलं.

"ज्याचा भाव त्याला द्यावा," एवढंच म्हणाले.

मासे नेणार असाल तर ध्यानात ठेवा: पाणी त्यांच्याच टाकीतलं घ्यावं, वाटेत नदीचं भरू नये, आणि थंडीत किटलीला शाल गुंडाळावी. शाल अण्णांची होती. कुडकुडत ते बसले. भडंगाचा पुडा दोघांच्या मध्ये उघडा ठेवला होता, माझ्या बाजूला थोडा कललेला.

घरी आईला सोयरिकीचं काय झालं हे कळायला वेळ लागला नाही. पंचेचाळीस रुपयांचं कळल्यावर तिने दोन दिवस अण्णांना नुसता वरण-भात वाढला. महिन्याभरात जोडीने टाकीतल्या पाटीच्या तुकड्यावर अंडी घातली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच खाऊन टाकली. आईला आनंद लपवता आला नाही. "एवढे मोजून आणलेत ना?"

"शिकतील," अण्णा म्हणाले. "पहिल्यांदा कुणाला जमतं?"

ती शिकली. तिसऱ्या खेपेला टाकीभर पिल्लं झाली. त्याच सुमारास आईने पदर सावरून कराडच्या एका स्थळाचा विषय काढला. मुलगा डॉक्टर, घरचा ऊस. अण्णा टाकीत दाणे टाकत होते. काचेवरची नजर न काढता ते म्हणाले,

"मला काय सांगतेस? तिला विचार."