मानपत्र आणि नऊ मिनिटे

डरहॅममधल्या त्या घराच्या ओसरीवर मी पहिल्यांदा शिकायला बसलो, तेव्हा माझे वय बावन्न होते आणि माझ्या उजव्या हाताची चार बोटे हातरुमालाने करकचून बांधलेली होती. बांधणारे गृहस्थ पंचाहत्तरी ओलांडलेले, ब्लूज हे कृष्णवर्णीय अमेरिकनांचे संगीत वाजवणारे गिटारवादक होते. मोकळ्या राहिलेल्या माझ्या अंगठ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हा चालायला लागू दे. बाकीची मंडळी त्याच्या मागून येतात."

त्यांच्याविषयी लिहायची परवानगी मी त्यांच्याकडून रीतसर घेतली आहे. एकदा न घेता लिहिले होते आणि त्याचे काय झाले, तेच इथे सांगायचे आहे. नाव घालायचे नाही, ही त्यांची अट. आमच्या घरात त्यांचा उल्लेख बायकोने पहिल्या आठवड्यापासून 'बुवा' असा केला. तेच मी पुढे चालवतो.

मुलगा कॉलेजला गेला आणि त्याची गिटार कपाटात राहिली, एवढेच निमित्त होते. वाचनालयाच्या फळ्यावर हाताने लिहिलेला एक कागद दिसला: 'गिटार शिकवतो. घाई असणाऱ्यांनी येऊ नये.' मी त्याचा फोटो काढून घरी दाखवला.

"ही जाहिरात तुझ्यासाठी नाहीये," बायको म्हणाली. "तू मायक्रोवेव्हसमोर उभा राहून सेकंद मोजतोस."

तिचे खरे होते. मी मॉरिसव्हिलच्या एका कंपनीत प्रकल्पांची वेळापत्रके आखतो. कोणत्या कामाला किती वेळ आणि कोण कुठे थांबेल, हे ठरवणे हाच माझा व्यवसाय. मराठी मंडळातही वीस वर्षे मी तेच केले. कार्यक्रमपत्रिका माझी, निवेदन माझे आणि पाहुण्याला वाचून दाखवायचे मानपत्रही माझेच. माझे मराठी चांगले आहे असे लोक म्हणत आणि मला ते ऐकायला आवडे.

पाच महिने, दर शनिवारी, बुवांनी मला फक्त अंगठा वाजवायला लावला. जाड तारांवर एक आड एक, चालत्या माणसाच्या पावलांसारखा, न थांबता. त्यांच्या भागातल्या ब्लूजची ही रीत आहे. अंगठा खाली ठेका धरतो आणि बोटे वर गाणे म्हणतात. एकट्या माणसाच्या हातातून दोघे वाजवत असल्याचा भास होतो. ही रीत त्यांना आत्याने शिकवली. आत्या तंबाखूच्या कारखान्यात पानांच्या शिरा काढायची आणि शनिवारी दुपारी अंगणात गिटार घेऊन बसायची. पुतण्याची चार बोटे तिने असल्याच एका फडक्यात बांधली होती.

माझा अंगठा चालत असताना बुवा बोलत. तरुणपणी ते तंबाखूच्या लिलावाच्या दिवसांत गोदामांबाहेर वाजवायचे. मग माउथऑर्गन वाजवणारा एक जोडीदार मिळाला. दोघांनी एका जुन्या स्टेशनवॅगनमधून अर्धा देश पालथा घातला. कॉलेजांतून वाजवले, युरोपात जाऊन आले, दोन रेकॉर्ड निघाल्या. त्यांतल्या पहिलीची प्रत त्यांच्याकडे नाही. "आहे ती कुणातरी जर्मन माणसाकडे. तो मला दर ख्रिसमसला कार्ड पाठवतो, रेकॉर्ड नाही पाठवत." जोडीदार वारल्यावर दौरे संपले. पुढची सव्वीस वर्षे त्यांनी शहराची बस चालवली. वाजवणे मात्र एका आठवड्यापुरतेही सोडले नाही. शुक्रवारी एका मासळीच्या खानावळीत, रविवारी चर्चमध्ये. मला ते 'इंजिनिअर' म्हणत आणि मी त्यांना 'सर' म्हणालो की हसत. "सर कसला? शेवटच्या थांब्यावर झोपलेल्यांना उठवणारा माणूस मी."

धडा संपला की मी गाडीत बसून हे सगळे फोनवर टिपून ठेवत असे. त्यांना हे माहीत नव्हते. शिष्याने गुरूचे बोल जपावेत तसे मी ते जपतो आहे, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. खरे म्हणजे मी मजकूर गोळा करत होतो.

दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरात त्यांनी उजवा अंगठा माझ्यासमोर धरला. मुळाशी सांधा झिजून गेला होता. जानेवारीत शस्त्रक्रिया ठरली होती. दुखणे जाईल, अंगठा पहिल्यासारखा चालेल की नाही ते सांगता येणार नाही, असे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले होते.

"मग तोवर वाजवून घेतो," बुवा म्हणाले. त्या आवाजात कुरकुर नव्हती. बस सुटायला किती वेळ आहे, हे सांगावे तसे त्यांनी सांगितले.

मी तिथल्या तिथे त्यांना मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाचे आमंत्रण दिले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "किती वेळ?"

"पंचेचाळीस मिनिटे," मी म्हणालो. शब्द दिला.

जवळच्या कॅरी गावातल्या एका शाळेचा हॉल आम्ही घेतला होता. नऊला रिकामा करायचा होता. लहान मुलांचे नाच लांबले, एकांकिका लांबली, आभार मानणाऱ्यांचेही आभार मानून झाले. आठच्या सुमाराला निवेदन करणारी मुलगी पडद्यामागे माझ्याकडे आली.

"काका, केटरर विचारतोय लाइन कधी सुरू करू. फूड गार होतंय. अर्ध्या तासात सगळं रॅप-अप करावं लागेल. मानपत्र कॅन्सल करू या का? डायरेक्ट त्यांना वाजवू दे ना."

या ठिकाणी मला स्वतःला सूट देता येत नाही. कुणी माझ्यावर काही लादले नव्हते. मला सरळ विचारले गेले होते आणि योग्य उत्तर त्या प्रश्नातच होते. पण ते मानपत्र मी तीन आठवडे घोटून लिहिले होते. खिशात त्याची सुबक छपाई होती.

"मानपत्र होणारच," मी म्हणालो.

आम्ही बुवांना खुर्चीवर बसवले, शाल पांघरली आणि हातात नारळ दिला. मी आधी मराठीत वाचले, मग इंग्रजीत. आत्या, गोदामे, जोडीदाराचा मृत्यू, बस, झिजलेला सांधा. ओसरीवर मला सांगितलेले सारे काही मी माइकवरून चारशे लोकांना ऐकवले. अधूनमधून टाळ्या पडत होत्या. बुवा नारळ मांडीवर दोन्ही हातांनी धरून, समोर बघत बसले होते. नारळ जड होता आणि त्यांचा अंगठा दुखत असणार, हे मला दिसत असूनही सुचले नाही.

वाचून झाले तेव्हा नऊ मिनिटे उरली होती.

त्यांनी गिटार घेतली, सावकाश जुळवली आणि आत्याचे गाणे सुरू केले. कारखान्याचा भोंगा होण्याची वाट बघणाऱ्या एका बाईचे ते गाणे आहे. शाल सारखी तारांवर घसरत होती. ते तिसऱ्या कडव्यात शिरले आणि मी माझ्या वीस वर्षांच्या सवयीने विंगेतून वाकून त्यांच्या पायाशी चिठ्ठी सरकवली. तिच्यावर फक्त दोन मिनिटांचा आकडा होता. त्यांनी ती वाचली. तळहात तारांवर ठेवला. आवाज बंद झाला. "थँक यू," म्हणून ते उठले, शालीची नीट घडी घालून ती खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर नारळ. टाळ्या चालू असतानाच मागच्या रांगांतून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. लोक जेवणाच्या लाइनीकडे निघाले होते.

गिटारची पेटी घेऊन मी त्यांच्या गाडीपर्यंत गेलो. ते माझ्यावर चिडले असते तर मला बरे वाटले असते.

"चांगलं लिहितोस, इंजिनिअर," ते म्हणाले. "आमच्या चर्चमध्ये माझ्या भावाच्या अंत्यविधीला असंच वाचलं होतं. जन्म, नोकरी, आजार, सगळं ओळीनं. फरक एवढाच, की त्याला आडवं व्हायची सोय होती."

"नऊ मिनिटं. शेवटच्या थांब्यावर मला लघवीला जायला याहून जास्त वेळ मिळायचा." त्यांनी दार लावले आणि काच खाली केली. "शनिवारी येऊ नकोस."

घरी जाताना बायको म्हणाली, "मानपत्र त्यांचं होतं की तुझं?"

दोन शनिवार मी गेलो नाही. पहिल्या शनिवारी त्यांना क्षमेचे पत्र लिहायला बसलो. चौथ्या परिच्छेदात मी एका वाक्याची रचना तिसऱ्यांदा बदलतो आहे, हे माझ्या लक्षात आले. पत्र फाडले. दुसऱ्या मानपत्राची त्यांना गरज नव्हती.

तिसऱ्या शनिवारी गिटार न घेता गेलो. ते ओसरीवर अंगठा गरम पाण्याच्या वाडग्यात बुडवून बसले होते. मी पायरीवरूनच सांगितले, "पंचेचाळीस मिनिटे कबूल करून मी नऊ दिली. माझे वाचन ठेवायचे की तुमचे वादन, असे मला विचारले होते. मी माझे वाचन ठेवले. आणि तुमच्या आयुष्यातल्या गोष्टी तुम्हाला न विचारता सांगितल्या."

"कागद नाही आणलास," ते म्हणाले.

"नाही."

"सुधारणा आहे." त्यांनी पायाने दुसरी खुर्ची माझ्याकडे ढकलली.

मी म्हणालो, "माझ्या घरी या. डिसेंबरात, रविवारी दुपारी. शस्त्रक्रियेच्या आधी."

"किती वेळ?"

"तुम्ही थांबाल तेव्हा संपेल."

"आणि माझ्याबद्दल कोण बोलणार?"

"कुणीही नाही."

"तूसुद्धा?"

"मीसुद्धा."

ते पहिल्यांदाच मनापासून हसले. "तुला नाही जमायचं, इंजिनिअर. पण बघायला येईन."

आमच्याकडे बैठकीची एक जुनी रीत आहे: लोक सतरंजीवर बसतात, आणि कधी थांबायचे ते गाणारा-वाजवणारा ठरवतो. परदेशात वेळापत्रके आखता आखता मी ती विसरलो होतो. सोफे गॅरेजमध्ये गेले. दिवाणखान्यातले घड्याळ मी स्वतः उतरवले. जेवण आधी ठेवले, म्हणजे कुणाचे लक्ष स्वयंपाकघराकडे जाणार नाही. दारात बायको पोळ्यांचा मोठा डबा घेऊन उभी होती आणि येणाऱ्या प्रत्येकाचा फोन त्यात टाकून घेत होती.

"अगं, ऑन-कॉल आहे मी!" एक जण म्हणाला.

"मग घरी जा आणि ऑन-कॉल राहा. मसालेभात डब्यात देते."

त्याने निमूटपणे फोन दिला. पंचवीस माणसे होती, बहुतेक सगळी त्या दिवशी हॉलमध्ये असलेली. बुवा मठ्ठ्याचे तीन पेले प्यायले. "आत्या मक्याच्या कॉर्नब्रेडबरोबर असंच ताक प्यायची," ते म्हणाले. "त्यात मिरची घालायचं मात्र तिला सुचलं नाही."

गुडघ्यांमुळे त्यांना खुर्ची दिली होती. ते बसले, तसे सगळ्यांनी सवयीने माझ्याकडे पाहिले. मीही सवयीने उठून उभा राहिलो होतो. चांगले पहिले वाक्य ओठांवर तयार होते. बुवा गंमत बघत होते. मी खाली बसलो.

त्यांनी गाणे पहिल्या ओळीपासून सुरू केले नाही. तिसऱ्या कडव्यात जिथे तळहात तारांवर ठेवला होता, बरोबर तिथून उचलले. भोंगा झाला, ती बाई फाटकाशी गेली, तिला जो हवा होता तो आला नाही आणि ती स्वतःशी हसत घरी निघाली. त्या गाण्याचा शेवट हा आहे, हे मला तेव्हा कळले. मानपत्रात मी त्याला दुःखाचे गाणे म्हटले होते.

नंतर ते दीड तास वाजवत राहिले. गोदामांसमोरची नाचाची गाणी, चर्चमधली, जोडीदाराबरोबरची. माउथऑर्गनच्या जागा ते रिकाम्या सोडत आणि त्या रिकाम्या जागेत मान डोलवत. कुणी उठले नाही. ऑन-कॉलवाला भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होता.

मग ठेका हळू झाला. आधी मला वाटले मुद्दाम करताहेत. पण त्यांनी गाणे थांबवले, अंगठा वर धरून त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "इंजिनिअर, तुझी गिटार आण."

मी आणली. त्यांनी खिशातून हातरुमाल काढला आणि सगळ्यांच्या देखत माझी चार बोटे बांधली. पंचवीस माणसांसमोर मी आजवर कागदाशिवाय बसलो नव्हतो. मी अंगठा चालवायला घेतला. त्यांच्या तीन बोटांनी वरचे गाणे धरले. खालचे पाऊल माझे होते आणि ते धावत सुटले होते.

"सावकाश," बुवा माझ्याकडे न बघता म्हणाले. "इथं चिठ्ठी घेऊन कुणी उभं नाही."

मी पाऊल आवरले. त्यानंतर आम्ही सहा गाणी वाजवली.

शस्त्रक्रिया झाली. अंगठ्याचे दुखणे गेले. तो वाकतो, कप धरतो, दीड-दोन गाण्यांपुरता चालतो आणि मग बसतो. शनिवारी मी आजही डरहॅमला जातो. दोन गाण्यांनंतर ते नुसते माझ्याकडे पाहतात आणि मी खालची पावले उचलतो. रुमाल आता लागत नाही. या वसंतात आम्ही वाचनालयात बसून वाजवले. तिथल्या बाईंनी आधी फोन करून बुवांचा परिचय मागितला, अर्ध्या पानाचा चालेल म्हणाल्या.

मी म्हटले, परिचय नको, त्यांना अर्ध्या पानाएवढा वेळ जास्त द्या.