बाईंपुढे धरलेले हात

"हात दाखव. तोंड नंतर बघते."

आमच्या दवाखान्यात नव्याने लागणाऱ्या प्रत्येकीचं स्वागत हेडनर्स बाई असंच करायच्या. मला वाटलं, ह्या ज्योतिष बघतात. मी मोठ्या भक्तिभावाने उजवा तळवा पुढे केला. बाईंनी तो उलटा केला, नखं बघितली आणि म्हणाल्या, "मासळी कापून आलीस काय गो? जा, परत धू."

रत्नागिरीत तेव्हा शिकलेल्या नर्सा बोटांवर मोजण्याइतक्या. बाई देवरूखकडच्या, बालविधवा, मुंबईला जाऊन शिकून आलेल्या. त्यांचे मोकळे हात जंतू मारायच्या कार्बोलिकने कोपरापर्यंत पांढुरके पडले होते. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, ज्यांच्यापुढे वरिष्ठांचंही काही चालत नाही. नवे डॉक्टर पहिल्याच दिवशी रुबाबात वॉर्डात शिरले, तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, "डॉक्टर, नखं." ते बिचारे गुमान घंगाळाकडे वळले.

माझं एकाच गोष्टीवर अडायचं. बांगड्या. बाळंतिणीला हात लावायचा तर हातात काच नको, हा बाईंचा नियम. माझा नवरा बोटीवर खलाशी, वर्षातले आठ महिने समुद्रावर. नोकरीला हो म्हणतानाच सासूबाईंनी बजावलं होतं, "तो पाण्यावर, नि तू हात मोकळे करणार? मी जिवंत हाय तवर नाय." मग मी आपली पळवाट काढली. बांगड्या वर सरकवायच्या आणि त्यांच्यावरून फडक्याची पट्टी बांधायची. बाईंना ते मुळीच पसंत नव्हतं. पण त्या स्वतः विधवा. 'काढ' म्हणताना त्यांची जीभ अडायची. "बांध, पण घट्ट बांध गो," एवढंच म्हणायच्या.

एका दुपारी डोलीतून एक बाळंतीण आली. तीन दिवसांचा ताप, वार आत अडकलेली. डॉक्टर आणि बाई झटत होते, मी तिला धरून होते. कळ आली तशी तिने माझा हात असा आवळला की पट्टीखाली काच कडकन फुटली. बाई माझा हात सोडवायला गेल्या आणि पट्टीतून वर आलेलं टोक त्यांच्याच बोटात घुसलं. त्यांचे हात त्या बाळंतिणीच्या रक्तापुवाने भरलेले होते.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"सुई लागली," बाई म्हणाल्या. बोट कार्बोलिकमध्ये बुडवलं आणि पुन्हा कामाला लागल्या.

बाळंतीण वाचली. तिसऱ्या दिवशी बाईंचं बोट सुजलं, मग लाल रेघ दंडापर्यंत चढली. डॉक्टरांनी दोनदा चीर दिली. शेक झाले, पोटिसं झाली. आज चार इंजेक्शनांत उतरेल असा तो ताप, पण तेव्हा आमच्याकडे काही म्हणजे काही नव्हतं. एवढी शिकलेली माणसं आम्ही, खाटेभोवती नुसती उभी.

मी डॉक्टरांना खरं सांगायला निघाले, तर बाईंनी पदर धरला. "कशाला? तुला काढतील. एवढं शिकवलं, ते पाण्यात घालू?"

दुसऱ्या दिवशी घरून निघताना मी साबण लावून सगळ्या बांगड्या उतरवल्या. सासूबाई दारातून बाजूला झाल्या. मी बाईंची पट्टी बदलायला गेले. तापाने त्यांचे डोळे लाल झाले होते, तरी म्हणाल्या, "हात दाखव."

मी दाखवले. त्या नखं बघायच्या विसरल्या आणि मनगटांकडेच बघत राहिल्या.

"घरी जाताना घाल हो परत," त्या म्हणाल्या. "नवरा पाण्यावर आहे तुझा."

मला रडू आवरेना. माझ्या काचेने जीव चाललेल्या बाईला माझ्या कुंकवाची काळजी.

दोन दिवसांनी बाई गेल्या. त्यांचं जवळचं असं कोणी नव्हतं, म्हणून आंघोळ घालायचं माझ्याकडे आलं. मी घंगाळात कार्बोलिक कालवलं, कोपरापर्यंत हात धुतले, नखं घासली, आणि सवयीने त्यांच्यापुढे धरून उभी राहिले.