हात न टेकता उठलो!

मंडळी, आज भर दुपारी कसबा पेठेतल्या एका दुकानात मी स्वतःसाठीच टाळ्या वाजवल्या! का ते ऐका.

महिन्यापूर्वी तब्येतीसाठी तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायचं ठरवलं आणि तिथल्या एका तांबटकाकांना कळशी घडवायला सांगितली. काका सत्तरीचे, दिवसभर जमिनीवर बसून पत्रा ठोकतात. त्यांनी मलाही खालीच बसवलं. निघताना मला काही उठता येईना. मी पस्तिशीचा, पण खराडीच्या ऑफिसात दहा-दहा तास खुर्चीत असतो. शेवटी काकांनीच हात देऊन उठवलं.

वर म्हणाले, "अहो, पाणी तांब्याचं प्यालात तरी गुडघे तुमचेच आहेत."

फार लागलं हो ते! त्या दिवसापासून धायरीच्या घरी डायनिंग टेबलला सुट्टी. जेवण खाली, मांडी घालून. पहिला आठवडाभर पायांना अशा मुंग्या यायच्या की बायको वाढायचं सोडून हसत बसायची.

आज कळशी आणायला गेलो. मुद्दाम खाली बसलो आणि एका दमात उठलो. हात न टेकता!

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "वा. आता परत बसा. कळशी अजून व्हायचीय."

बसलो की तासभर, अगदी मजेत!

आता तुमची पाळी. आत्ता जमिनीवर बसा, हात न टेकता उठा आणि कमेंटमध्ये खरं काय ते सांगा. उठता आलं नाही, तर बसल्या बसल्या लिहा.