एकसारखी आठ कार्डं

माझ्या थोरल्या बहिणीला आमच्या भागात सगळे टायपिंगबाई म्हणतात. पत्त्यावर नुसतं तेवढंच लिहिलं तरी टपाल बरोबर तिच्या दारात येतं. मी तिला ताई म्हणतो आणि ती मला 'तू गप्प बस' म्हणते. माझी नोकरी संपली, केस गेले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी तिच्या लेखी मी अजून दप्तर विसरून शाळेत जाणारा धाकटाच आहे.

रंगाच्या दुकानावर एक लांबट खोली आहे, तिथे तिचा क्लास. आधी तिथे टाइपरायटर होते, मग कॉम्प्युटर आले. यंत्रं बदलली, पण ताईचं एक वेड बदललं नाही. तिला सगळं एकसारखं लागतं. एकाच कंपनीची यंत्रं, एकाच उंचीची स्टुलं. एखादं स्टूल जरा उंच निघालं तर पॉलिश पेपर घेऊन त्याचे पाय घासत बसायची. "मुलीने कुठल्याही जागेवर बसावं, बोटांना फरक कळता कामा नये," असं तिचं म्हणणं. तिने लग्न केलं नाही. नवऱ्यांचा एकसारखा संच मिळत नाही म्हणून राहिली, असं मी चिडवायचो. त्यावर काय उत्तर यायचं ते वर सांगितलंच आहे.

या क्लासचा जीव म्हणजे परीक्षा केंद्र. टायपिंगची सरकारी परीक्षा तिच्याच खोलीत व्हायची. दुसरं केंद्र इतकं लांब की जाऊन यायला आख्खा दिवस मोडतो, आणि तेवढ्या लांब मुलींना पाठवायला घरचे तयार होत नाहीत. केंद्र आहे तोवर मुली शिकणार, प्रमाणपत्र मिळवणार, कुठेतरी खुर्चीवर बसून काम करणार. केंद्र गेलं की त्या घरी. एवढा साधा हिशोब होता आणि ताईने आयुष्यभर दुसरा कुठला हिशोब मांडला नाही.

मग एका दुपारी जवळच वीज कोसळली. इंटरनेटच्या तारेतून ती थेट खोलीत शिरली आणि आठही कॉम्प्युटरची, केबल खोचतात ती जागा जळून गेली. बाकी यंत्रं ठणठणीत. टाइप करा, छापा, सगळं चालतंय, फक्त एकाचं दुसऱ्याशी आणि बाहेरच्या जगाशी बोलणं बंद. आणि परीक्षा तर नेटवर. केंद्राची फेरतपासणीही तोंडावर आलेली.

दुरुस्तीवाल्याने सांगितलं, "प्रत्येकात एक नेटवर्क कार्ड बसवा, काम झालं." ऐकायला सोपं. पण ताईची यंत्रं जुनी, त्यांच्यातली खाच जुनी, आणि त्या खाचेत बसणारं कार्ड दुकानातून कधीच हद्दपार झालेलं. बाहेरून खोचायची कार्डं परीक्षेला चालत नाहीत. नवी यंत्रं घेणं ताईच्या आवाक्याबाहेर. आम्ही दुकानं पालथी घातली. म्हणजे ती बोलायची आणि मी पिशवी धरायचो. एक दुकानदार हसला, "बाई, हे कार्ड आता संग्रहालयात बघा." दुसऱ्याकडे दोन होती, पण भाव असा सांगितला की ताईने ती काचेच्या आतच राहू दिली. मला त्या माणसाचा इतका राग आला की मी पिशवीतली छत्री आवळून धरली. ताई मात्र "बरं, येते" म्हणून शांतपणे पायऱ्या उतरली.

शेवटी जुन्या सामानाच्या गल्लीत एक कार्डवाला भेटला. त्याच्याकडे पत्र्याचा एक डबा होता, त्यात नाना तऱ्हेची वापरलेली कार्डं. हिरवी, निळी, कुणाचा कोपरा गंजलेला, कुणावर जुनं स्टिकर.

"यातली कुठलीही आठ घ्या," तो म्हणाला. "तपासून देतो, अगदी स्वस्तात."

ताईने दोन बोटांनी एक कार्ड उचललं आणि परत ठेवलं. "एकसारखी नाहीत का हो?"

त्याने मागच्या फळीवरून एक खोका काढला. पांढऱ्या पाकिटांत, आतली पिशवीसुद्धा न फोडलेली, कोरी करकरीत कार्डं. कुठल्या कंपनीची ते लिहिलेलं नव्हतं, पण सगळी हुबेहूब. भाव डब्यातल्यांएवढाच. ताईचा चेहरा असा उजळला की मलाही बरं वाटलं. "बघ," ती मला म्हणाली, "देव आहे."

कार्डं बसली. ताईने एकेक यंत्र स्वतः तपासलं. वीज कोसळल्यापासून तिने धसका घेतला होता, त्यामुळे एका वेळी एकाच यंत्राची केबल लावायची, बाकीच्या काढून ठेवायच्या. पहिलं लागलं, दुसरं लागलं, आठही लागली. त्या दिवशी तिने मला एकदाही गप्प बस म्हटलं नाही.

तपासणीच्या दिवशी तपासनीस आले. तरुण, घामेजलेले, स्वभावाने बरे. मुली नवे कपडे घालून आपापल्या जागी बसल्या. ते म्हणाले, "आठही एकदम चालू करा. एकदम नोंदली गेली पाहिजेत, तसा नियम आहे."

आठही केबली लागल्या आणि गोंधळ सुरू झाला. एकावर नेट आलं की दुसऱ्यावरचं गेलं. खिडकीजवळची मुलगी "आलं!" म्हणाली की दाराजवळची "गेलं!" म्हणायची. ताई या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होती, केबली दाबून बघत होती, स्क्रीन पुसत होती, जणू धुळीचाच दोष आहे.

तपासनीसांनी दोन यंत्रांवर काहीतरी उघडून पाहिलं, मग बाकीच्यांवर. त्यांचा चेहरा पडला. "बाई, प्रत्येक कार्डावर कारखान्यातच एक नंबर कोरलेला असतो. माणसांना नाव असतं तसा. तो दुसऱ्या कुठल्या कार्डाचा नसतो. तुमच्या आठही कार्डांचा एकच आहे. स्वस्त मालात करतात असं. एकेकटी लावली तर चालतील, पण एकत्र लावली की कोण कोणाचं तेच कळत नाही."

"बदलता नाही येत?"

"वरवर येतो. पण परीक्षेची यंत्रणा आतला, कोरलेलाच नंबर वाचते." ते खरंच वाईट वाटून बोलत होते. "मी संध्याकाळपर्यंत थांबतो. त्यापुढे माझ्या हातात नाही."

आम्ही रिक्षा करून त्या गल्लीत गेलो. ताई वाटेत एकच वाक्य म्हणत होती, "डब्यातली घेऊ. कशीही असू देत." कार्डवाला फळीवर कापड मारत होता. डब्याची जागा रिकामी होती.

"भंगारात गेला," तो म्हणाला. "कोणी घेत नव्हतं. तुम्हीच नाही का परत ठेवलंत?" मग आमच्याकडे बघून चाचरला. "एकेक लावून बघा ना बाई, चालतंय."

मला त्याच्याशी भांडायचं होतं. पण काय म्हणून भांडणार? त्यालाही माहीत नव्हतं. ताईने माझी बाही धरली आणि आम्ही परत आलो. तपासनीस जिन्याखाली थांबले होते. त्यांनी ताईला वाकून नमस्कार केला आणि केंद्र बंद झालं.

पुढे मुली कमी होत गेल्या आणि मग येईनाशा झाल्या. ताईने एक यंत्र स्वतःला ठेवलं आणि बाकीची, ज्या मुलींना अजून शिकायचं होतं त्यांना घरी नेऊन दिली. म्हणाली, निदान हाताची सवय तरी मोडणार नाही. प्रमाणपत्राचं ती बोलली नाही. पोहोचवायला अर्थातच मी होतो, पिशवीच्या जागी आता सीपीयू.

काही दिवसांनी मी तिच्याकडे गेलो तेव्हा ती फोन घेऊन बसली होती. एकेका मुलीला विचारत होती, नेट लागतं का गं? मध्ये तुटतं का? पलीकडचे आवाज मला ऐकू येत होते. लागतं, बाई. कधीच नाही तुटत, बाई. मस्त चालतंय.

शेवटचा फोन ठेवून ती त्या लांबट खोलीत बघत राहिली. एकच यंत्र, आणि त्याच्या पुढे एकाच उंचीची आठ स्टुलं.

"सगळी चालताहेत रे," ती म्हणाली. "मग माझ्याकडेच काय झालं होतं त्यांना?"

उत्तर तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं. मी म्हटलं, "चहा टाकतो," आणि उठलो. तिने मला गप्प बस म्हणावं म्हणून मी दारात थोडा वेळ थांबलो. पण ती उठून स्टुलं पुन्हा एका रांगेत लावायला लागली.